शेवटचं कोण?

१

रविवारी सकाळी बाबा आणि मी टेकडीवर फिरायला जातो. बाकीचे सहा दिवस बाबा दुधाचा टँकर चालवतात. पहाटे साडेचारला निघतात आणि संध्याकाळी परत आले की खुर्चीतच झोपतात. रविवार तेवढा माझा. आई आमच्याबरोबर येत नाही. तिला चिखल आवडत नाही, आणि ओव्हनमध्ये मांस ठेवून घराबाहेर पडणारी माणसं तिच्या मते वेडी असतात.

वाट शेतांमधून जाते. कोणीही जावं, फक्त फाटक जसं सापडलं तसं ठेवावं. बंद असेल तर बंद. नाहीतर प्रॉसरबाईंच्या मेंढ्या रस्त्यावर येतात आणि बाई महिनाभर सगळ्या गावाला ऐकवत बसतात. म्हणून जो शेवटी असेल त्यानं कडी घालायची. शेवटी नेहमी मी असते. बाबा पुढे चालत राहतात आणि मागे न बघता ओरडतात,

"शेवटचं कोण?"

"मी."

"कडी?"

"घातली."

कधी कधी सबंध फेरीत आम्ही एवढंच बोलतो. शेतातली तीन फाटकं आणि आमच्या अंगणाचं एक, म्हणजे चार वेळा. मला ते पुरतं. मला बोलायला जमत नाही आणि बाबांनाही फारसं जमत नाही.

आणखी एक फाटक आहे, चर्चच्या आवाराचं. ते लोखंडी आहे. अर्धगोल कठड्याच्या आत ते इकडून तिकडे झुलतं आणि एका वेळी एकाच माणसाला पलीकडे सोडतं. त्याला कडी नाही. गावात त्याला पापीचं फाटक म्हणतात, कारण पुढे गेलेल्यानं मागच्याला तिथं अडवायचं आणि पापी दिल्याशिवाय सोडायचं नाही, अशी रीत आहे. बाबा पलीकडे जातात, वळतात, डोळे मिटतात आणि गाल पुढे करतात. मी पंधरा वर्षांची आहे. वर्गातल्या कोणी पाहिलं तर मी मेलेच. पण अजून मी एकही रविवार चुकवलेला नाही.

म्हणजे, ऑगस्टपर्यंत नव्हता चुकवला.

२

ऑगस्टमध्ये हेझल आत्या न्यूझीलंडहून आली. बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन गेली ती एकवीस वर्षांनी आली, आणि बरोबर तिची मुलगी ब्रायनी. ब्रायनी माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठी. तिला माझी खोली दिली, माझा पलंग दिला, आणि मी घडीच्या खाटेवर झोपले. त्याचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही.

पण शुक्रवारी ती टँकरमधून गेली. आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणाली, "अरे मामा, उद्या मला तुझ्या टँकरमधून ने ना," आणि बाबा म्हणाले, "पहाटे उठशील?" एवढंच झालं. मी माझ्या ताटातल्या वाटाण्यांकडे बघत बसले. मला त्यांनी कधी नेलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. पण रोज पहाटे मी माझ्या खिडकीत उभी राहते, टँकरचे मागचे लाल दिवे वळणापाशी दिसेनासे होईपर्यंत. हे कोणाला ठाऊक नाही. त्या शुक्रवारी मी बाबांच्या शेजारच्या सीटवर तिचं डोकं पाहिलं.

रविवारी सगळ्यांनी मिळून टेकडीवर जायचं ठरलं. आईनं टोपली भरून दिली. अंड्याचे सँडविच, काकडीचे सँडविच, आलुबुखारचा केक, दोन थर्मास चहा.

"क्लाइव्ह, मी गेले तेव्हा ही टेकडी एवढी उंच नव्हती रे," आत्या गल्लीतच धापा टाकत म्हणाली.

"टेकडी तेवढीच आहे, ताई. वर न्यायचं सामान वाढलंय."

"बघ गं टॅम्सिन, तुझा बाप. एकवीस वर्षांनी बहीण भेटली तर हे बोलणं."

मी हसले. आत्याला उत्तर काय द्यायचं ते मला पाच मिनिटांनी सुचलं.

पहिलं फाटक आलं. मी सवयीनं मागे राहिले, पण माझ्याही मागे ब्रायनी होती. ती रस्त्यातली पिसं गोळा करत येत होती.

"शेवटचं कोण?" बाबा पुढून ओरडले.

"मी!" ब्रायनी ओरडली. "मी शेवटची, मामा!"

"कडी?"

"अशी घट्ट घातलीय की आता तुम्हाला घरीच जाता येणार नाही!"

बाबा मोठ्यानं हसले. त्या प्रश्नाचं उत्तर लांबही देता येतं, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

३

पुढच्या कुरणात ती माझ्याजवळ आली.

"टॅम, रागावली नाहीस ना? तुझं काम घेतलं म्हणून?"

"छे."

"मामा म्हणत होता, तू फार बोलत नाहीस."

कधी म्हणाले? टँकरमध्ये? आणखी काय म्हणाले? मी हे काहीच विचारलं नाही. मी म्हणाले, "पण तू ते अर्धंच करतेस."

"काय?"

"फाटक. इथं शेवटच्यानं लगेच कडी घालायची नसते. आधी ते उघडं धरायचं, आणि मागून येणाऱ्यांना 'या' म्हणायचं."

"मागून कोण येतंय?"

"कोणीही नसलं तरी म्हणायचं. जुनी रीत आहे. मोठ्यानं म्हणायचं, म्हणजे बाबांना ऐकू जाईल."

असली काही रीत नाही. मी ती चालता चालता रचली. तिला वेड्यासारखं रिकाम्या वाटेशी बोलताना बाबांनी बघावं आणि हसावं, एवढंच मला हवं होतं. खोटं बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

दुसऱ्या फाटकापाशी ब्रायनीनं फाटक पूर्ण उघडलं, एका हातानं धरलं, आणि आम्ही आलो त्या वाटेला वाकून म्हणाली, "या हं. सावकाश या. वाट मोकळी आहे."

वाट खरंच मोकळी होती. वाकलेलं गवत आणि आमच्या बुटांचे ठसे, दुसरं काही नाही. तिनं मनातल्या मनात काही मोजलं असावं. मग कडी घातली.

"कोणाला बोलावतेस गं?" बाबांनी विचारलं.

"मागच्यांना, मामा! तुमच्याकडची रीत ना!"

मी वाट बघत होते. पण बाबा हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून तिला सलाम केला. "ताई, पोरीला वळण छान लावलंयस."

"माझ्याकडून नाही घेतलं बाई तिनं," आत्या म्हणाली. "माझं वळण तुला माहीतच आहे."

सगळे हसत पुढे निघाले. दहाबारा पावलं गेल्यावर मागे कडी वाजली. उचलल्यावर वाजते तशी एकदा, आणि पडल्यावर वाजते तशी एकदा. मी वळून पाहिलं. फाटक बंद होतं. कडी जुनी आहे, खटका सैल आहे, ऊन तापलं की लोखंड हलतं. मी पुढे चालू लागले.

४

वरच्या कुरणात मेंढ्या असतात. आपण जवळ गेलो की त्या उठतात, दोन्ही बाजूंना सरकतात, आणि आपण गेलो की पुन्हा मागच्या जागी येऊन चरायला लागतात. त्या दिवशीही तसंच झालं. आम्ही चौघं गेलो, मेंढ्या सरकल्या, पुन्हा जागी आल्या.

मग पुन्हा सरकल्या.

मी वरून नीट पाहिलं. आम्ही कुंपणापाशी पोचलो होतो, आणि कुरणाच्या मधोमध मेंढ्या एकेक करून उठत होत्या आणि मधे वाट सोडत होत्या. एका माणसापुरती. कोल्हा असेल, गवतात दिसत नसेल. पण कोल्ह्याला बघून मेंढ्या पळतात. या पळत नव्हत्या. ओळखीचं कोणी आल्यासारख्या बाजूला होत होत्या.

माथ्यावर बाबांनी चटई अंथरली. आत्या गुडघे धरून बसली, बाबा आडवे झाले. ब्रायनी त्यांच्या शेजारी बसून एकेका डोंगराचं नाव विचारत होती आणि बाबा सांगत होते. मला त्यांनी ही नावं कधी सांगितली नव्हती. मी सँडविच वाटले.

आत्या आईच्या केकबद्दल काहीतरी बोलत होती. बोलता बोलता ती चटईवर थोडी सरकली, आपला स्कर्ट गोळा केला आणि शेजारची जागा हातानं साफ केली. कोणी बसायला आलं की बायका करतात तसं. बोलणं थांबलं नाही, नजरही वळली नाही. पुढं सबंध वेळ ती तशीच अंग चोरून बसली होती, आणि चटईवर तिच्या आणि माझ्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी होती.

"आत्या, नीट बस ना," मी म्हणाले. "भरपूर जागा आहे."

"अगं, दाटी होते ना," ती म्हणाली. आणि मग तिलाच काही कळेना तशी तिनं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि थर्मास मागितला.

५

उतरताना मी ब्रायनीला गाठलं.

"ते 'या' म्हणणं आता पुरे. मी गंमत केली होती. तसली काही रीत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे बाबांसारखे करडे आहेत. माझे नाहीत.

"मामाला आवडलं म्हणून आता नाही का?"

"तसं नाही."

"किती जळतेस गं, टॅम! मी बुधवारी जाणार आहे. मग सगळा मामा तुझाच."

ती हसत होती, चिडवत होती, त्यात दुष्टपणा नव्हता. मी पुढे निघून गेले, अगदी आत्याच्याही पुढे.

तिसरं फाटक. मी पहिली गेले, मग आत्या, मग बाबा. मागून ब्रायनीचा मुद्दाम चढवलेला आवाज आला. "या, या! वाट मोकळी आहे!"

"शेवटचं कोण?" बाबांनी विचारलं.

"मी!" ब्रायनी म्हणाली.

आणि तिच्यामागून, थोडं हळू, कोणीतरी म्हणालं, "मी."

"कडी?"

"घातली."

तो आवाज माझा होता. शब्दसुद्धा माझे, मी म्हणते तितकेच, तितक्याच हळू. मी सगळ्यांच्या पुढे होते. माझ्या हातात टोपली होती आणि माझं तोंड मिटलेलं होतं.

मी वळले. बाबा, आत्या, ब्रायनी. ब्रायनी पिसं मोजत चालत होती. फाटक बंद होतं. दरीत आवाज फिरतात, मी स्वतःला सांगितलं. मागच्या कुठल्यातरी रविवारचा आवाज कडेकपारीत राहिला असेल. मी असं शाळेच्या निबंधात लिहिलं तर बाई त्याखाली लाल रेघ मारतील.

बाबांना काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट त्यांचा चेहरा सैल झाला होता, इतका वेळ काहीतरी चुकल्यासारखं होतं आणि आता ते सापडलं, तसा.

६

पापीच्या फाटकातून आत्या आधी गेली, मग बाबा. बाबा वळले, डोळे मिटले, गाल पुढे केला.

ब्रायनीला रीत सांगावी लागली नाही. तिनं एका गालाची, मग दुसऱ्या गालाची, अशा दोन पाप्या घेतल्या आणि "आजीची कबर बघून येते" म्हणून चर्चच्या मागे पळाली. बाबा अजून तसेच उभे होते. आता माझ्यासाठी.

मी फाटक ढकललं, त्यांच्या हनुवटीखालून मान घालून बाहेर पडले आणि आत्याकडे चालू लागले. एक रविवार चुकला. चुकू दे. त्यांना कळू दे.

मागे फाटक झुललं. खण.

"चल गं, माझ्या बुटात खडा गेलाय, जरा हात दे," आत्या म्हणाली. आम्ही दोघी गल्लीला लागलो. आमची गल्ली खोल आहे, दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच झुडपं, आणि तिला इतकी वळणं आहेत की मागचा माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो.

मागे बाबा बोलत होते. मला शब्द कळत नव्हते. बाबा थोडं बोलत, मग बराच वेळ शांत राहत, कोणाचं तरी ऐकल्यासारखे. दुसरा आवाज फार हलका होता. मग बाबा हसले. ब्रायनीच्या गमतीवर हसले तसं नाही. मी ते हसणं आधी ऐकलं नव्हतं. ते रडण्याच्या फार जवळचं होतं.

ब्रायनी, मी मनात म्हणाले. कबर बघून आली असेल, आणि त्यांना एकटं गाठलं. मला इतका राग आला की मी मागे वळले नाही. वळले असते तर बरं झालं असतं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही.

शेवटचं वळण संपलं. ब्रायनी आमच्या अंगणाच्या भिंतीवर बसून पाय हलवत होती.

"किती वेळ लावलात! मी मागच्या वाटेनं केव्हाची आलेय. मामीबरोबर शेंगासुद्धा सोलून झाल्या."

मी टोपली खाली ठेवली. मागून बाबा आले. एकटेच. ते हाताच्या पाठीनं गाल चोळत होते.

७

चहाच्या वेळी बाबांनी मला मागच्या दारापाशी बोलावलं. बुटांचा चिखल काढत ते पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघताच ते बोलले.

"इतकं सगळं मनात ठेवलं होतंस होय, टॅम?"

मी दाराच्या चौकटीला टेकले.

"मी निघतो तेव्हा तू खिडकीत उभी असतेस, मला माहीतच नव्हतं गं. एवढ्या पहाटे. रोज." ते चाकूनं बुटाचा तळ खरवडत राहिले. "मला वाटायचं, माझ्याबरोबर यायचा तुला कंटाळा येतो. आई पाठवते म्हणून येतेस."

मला ओरडून सांगायचं होतं, बाबा, ती मी नव्हते. तुम्ही डोळे उघडून पाहिलं का? तुमच्याबरोबर कोण चालत होतं ते पाहिलं का? पण त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. ते सगळं माझंच होतं. आणि बाबा माझ्यावर इतके खूश कधीच नव्हते. मी नाही म्हटलं असतं तर हे सगळं परत द्यावं लागलं असतं, आणि मग बाबांनी विचार केला असता, गल्लीत दुसरं कोण असणार, ब्रायनीच असेल.

"खरं ना?" बाबांनी विचारलं. आता त्यांनी वर पाहिलं.

मी मान डोलावली.

त्याच वेळी अंगणाच्या फाटकाची कडी उचलली गेली आणि पडली. "वारा सुटला वाटतं," बाबा म्हणाले. आईनं दोरीवर वाळत घातलेले कपडे हलत नव्हते.

८

बुधवारी आत्या आणि ब्रायनी गेल्या. निघताना ब्रायनीनं मला घट्ट मिठी मारली आणि पिसांचा जुडगा दिला. मला ती जायला नको होती. घरात माणसं जास्त असली तर बरं, असं मला वाटू लागलं होतं.

मी आठवडाभर एक वाक्य पाठ केलं. रविवारी पहिल्या फाटकाच्या आधीच बाबांना सांगायचं. बाबा, त्या दिवशी गल्लीत मी नव्हते, पण मलाही तेच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं की पुढचं आपोआप सुचेल.

रविवार आला. पहिल्या फाटकाशी कडी घालून मी थांबले. बाबांनी विचारलंच नाही. ते पुढे बोलत निघाले होते, डाव्या बाजूला जरा मान कलती करून. मी धावले. ते थांबले नाहीत. दुसऱ्या फाटकाशी तेच, तिसऱ्याशी तेच. मी हाक मारली तेव्हा त्यांनी हात वर केला, लांबच्या ओळखीच्या माणसाला करतात तसा. वरच्या कुरणात मेंढ्या त्यांना वाट देत होत्या, आणि ती वाट दोघांना पुरेल एवढी रुंद होती. माझ्यासाठी त्या उठल्या नाहीत. मला त्यांना वळसा घालून जावं लागलं.

पापीच्या फाटकापाशी मी अजून वीस पावलं मागे होते. बाबा पलीकडे गेले, वळले, डोळे मिटले. गाल पुढे केला.

मी खरंच धावत होते.

फाटक झुललं. खण. पलीकडे, चर्चच्या सावलीत, माझ्या हिरव्या जाकिटासारखं काहीतरी त्यांच्या खांद्याशी टेकलं, तितकंच मला दिसलं. माझं जाकीट माझ्या अंगावर होतं.

"ऑगस्टमध्ये इतकी गार कशी गं तू?" बाबा म्हणाले, आणि हसले.

मग ते गल्लीत उतरले, डावा हात कोपरात थोडा वाकवून, त्यात कोणी हात घातला असावा तसा. मी मागून गेले. वळणं संपेपर्यंत मला तो हलका आवाज ऐकू येत होता. तो अडखळत नव्हता. मला जे जे सांगायचं होतं ते सगळं तो सांगत होता, आणि माझ्यापेक्षा किती चांगलं.

मी आमच्या अंगणाच्या फाटकाशी पोचले तेव्हा ते आधीच बंद झालं होतं. घरातून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. आतून, दाराच्या पायरीवरून, बाबा ओरडले,

"शेवटचं कोण?"

मी तोंड उघडलं.

"मी."

"कडी?"

"घातली."

माझं तोंड अजून उघडंच होतं. मी कडी उचलली, आत गेले आणि ती पुन्हा घातली. नीट, दोनदा दाबून, फाटक जसं सापडलं तसं.

"मी," मी म्हणाले. "बाबा, शेवटची मी."

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. टेबलावर आईनं तीन पानं मांडलेली दिसत होती. आत कोणीतरी खुर्ची ओढली. मग दुसरी ओढली गेली.

मग तिसरी.